एका शिपायाचे सेवापुस्तक

माझ्या नोकरीची ३४ वर्षे सोलापुरातील एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत गेली आणि त्यांतील बहुतेक काळ सेवापुस्तके लिहिण्यात, तपासण्यात आणि जपण्यात गेला. ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो, की कर्मचारी रुजू होतो त्या दिवसापासून त्याची उंची, शरीरावरील ओळखीची खूण, जन्मतारीख, वारसाचे नाव, बदल्या, वेतनवाढी, रजा, शिक्षा आणि अखेरीस निवृत्ती किंवा मृत्यू हे सारे ज्या एका वहीत तारखेनिशी आणि अधिकाऱ्याच्या सहीनिशी नोंदलेले असते, ते सेवापुस्तक. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका शिपायाची विधवा दर सोमवारी आमच्या कार्यालयात येत असे. तिच्या नवऱ्याचे सेवापुस्तक दुसऱ्या एका कार्यालयातून आमच्याकडे आले तेव्हा त्यात चार वर्षांच्या सेवेची पडताळणी केलेली नव्हती, आणि केवळ तेवढ्या कारणाने तिचे कुटुंब निवृत्तिवेतन अडीच वर्षे अडकून पडले होते. ती कधी भांडली नाही. व्हरांड्यातील बाकावर बसायची, चार वाजता उठायची आणि पुढच्या सोमवारी पुन्हा यायची. ते काम अखेर मार्गी लागले, पण त्यानंतर कोणतेही सेवापुस्तक उघडताना मला त्या बाकाची आठवण झाली नाही असे फारसे घडले नाही.

हे सांगण्याचे कारण असे, की गेली दोन वर्षे मी एका परक्या देशातील, परक्या लष्करातील एका साध्या पायदळ शिपायाची फाइल पुन्हा पुन्हा वाचत आहे आणि ती मी एखाद्या सेवापुस्तकासारखीच वाचत आहे. माझी मुलगी आणि जावई मेलबर्नजवळ राहतात. २५ एप्रिल हा तिकडे अँझॅक दिन असतो. १९१५ साली त्या दिवशी पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैन्य तुर्कस्तानातील गॅलिपोली येथे उतरले, त्याची आठवण म्हणून गावोगावी सूर्योदयापूर्वी लोक स्मारकाजवळ जमतात. मुलीने तिच्या गावच्या स्मारकाचे छायाचित्र पाठवले होते. मध्यभागी दगडी स्तंभ आणि त्याच्या चारही बाजूंना कोरलेली नावे. एवढ्याशा गावातून इतकी नावे पाहून मी त्यांतील एक नाव निवडले, आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने पहिल्या महायुद्धातील सुमारे ३,७६,००० सैनिकांच्या फायली पानोपान स्कॅन करून कोणालाही विनामूल्य पाहता येतील अशा खुल्या केल्या आहेत, तेथे त्या नावाचा शोध घेतला. काही मिनिटांत फाइल समोर आली. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण त्याच्या भावंडांची नातवंडे-पतवंडे आज असतील आणि त्यांची परवानगी मी घेतलेली नाही.

पहिले पान भरतीच्या अर्जाचे आहे. वय २२ वर्षे, धंदा शेतमजुरी, अविवाहित, जवळचे नातेवाईक म्हणून आईचे नाव आणि पत्ता. छापील प्रश्नांत एक प्रश्न असा आहे, की याआधी कधी लष्करी सेवेसाठी अपात्र ठरवले गेले होते का आणि असल्यास कोणत्या कारणाने. त्याचे उत्तर आहे, होय, उंची. या एका शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. पुढच्या पानावर वैद्यकीय तपासणीत त्याची उंची ५ फूट ५ इंच लिहिली आहे. ऑगस्ट १९१४ मध्ये भरती सुरू झाली तेव्हा किमान उंची ५ फूट ६ इंच ठरवलेली होती, आणि गॅलिपोलीतील हानीच्या बातम्या येऊ लागल्यावर जून १९१५ मध्ये ती ५ फूट २ इंचांवर आणण्यात आली. त्याच्या अर्जावरची तारीख जुलै १९१५ ची आहे. म्हणजे एका इंचासाठी परत पाठवलेला हा मुलगा नियम बदलताच पुन्हा रांगेत येऊन उभा राहिला होता. त्या एका महिन्यात ऑस्ट्रेलियात ३६,५७५ माणसे भरती झाली. संपूर्ण युद्धात इतकी भरती दुसऱ्या कोणत्याही महिन्यात झाली नाही.

ही माणसे सक्तीने नेलेली नव्हती, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्या वेळी ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांनाही पोहोचलेली नव्हती, तरी चार लाखांहून अधिक माणसे स्वेच्छेने भरती झाली आणि त्यांपैकी सुमारे ३,३०,००० समुद्रापार गेली. सक्तीची भरती करावी की नाही, यावर ऑक्टोबर १९१६ आणि डिसेंबर १९१७ मध्ये दोनदा जनमत घेतले गेले आणि दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. साध्या शिपायाला रोज सहा शिलिंग मिळत, त्यांतील एक शिलिंग सेवा संपल्यावर द्यायचा म्हणून राखून ठेवला जाई. ब्रिटिश शिपायाला सुरुवातीला एकच शिलिंग मिळे, त्यामुळे ऑस्ट्रेलियन शिपायाचे वेतन सगळ्यांच्या डोळ्यांवर येत असे. आमच्या या शिपायाने आपल्या वेतनाचा मोठा वाटा थेट आईला मिळावा अशी व्यवस्था केली होती. शेतमजुरी करणाऱ्या मुलाने पैशासाठी नाव नोंदवले, साहसासाठी, की लोक काय म्हणतील या भीतीने, हे अर्जावरून ठरवता येत नाही आणि ठरवूही नये. पण घरी पैसे पोहोचावेत ही सोय त्याने बोटीत चढण्याआधी केली, एवढे कागदच सांगतो.

त्याच पानावर वर्ण, डोळे आणि केस यांचे रकाने आहेत. वर्णाचा रकाना निरुपद्रवी नव्हता. ज्यांचे मूळ प्रामुख्याने युरोपीय नाही अशांना लष्करात न घेण्याचे धोरण होते, आणि तरीही एक हजाराहून अधिक आदिवासी ऑस्ट्रेलियन पुरुष या ना त्या मार्गाने त्या रकान्यातून पार होऊन युद्धावर गेले. त्यांनी समान वेतन घेतले, समान खंदकात दिवस काढले, आणि परतल्यावर त्यांतील बहुतेकांना माजी सैनिकांसाठीच्या शेतजमिनींच्या योजनेत वाटा मिळाला नाही. ज्या देशाच्या नोंदींचे मी येथे कौतुक करणार आहे, त्याच देशाच्या नोंदींत हेही आहे.

फाइलमधील सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे बी १०३ क्रमांकाचा फॉर्म. प्रत्येक बदली, आजारपण, जखम, शिक्षा आणि बढती यांची नोंद या एका फॉर्मवर रकान्यारकान्यांत होत असे. कोणाकडून कळवले गेले, काय घडले, कोठे आणि कोणत्या तारखेला. वेगवेगळ्या हातांची अक्षरे आहेत, कोठे जांभळी पेन्सिल, कोठे काळी शाई, कोठे रबरी शिक्का. ते लिहिणारे कारकून आघाडीच्या मागे, बहुधा एखाद्या थंड खोलीत बसलेले असणार, आणि एका दिवसात त्यांच्या हाताखालून शेकडो नावे गेली असणार. तरी त्यांनी ओळ चुकवलेली नाही. माझ्या व्यवसायातील माणूस म्हणून मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

नोव्हेंबर १९१५ मध्ये तो मेलबर्नहून बोटीने निघाला. पहिला मोठा काफिला त्याच्या एक वर्ष आधी, १ नोव्हेंबर १९१४ रोजी आल्बनी बंदरातून गेला होता, आणि वाटेत त्या काफिल्यातील सिडनी या युद्धनौकेने कोकोस बेटांजवळ जर्मनांच्या एम्डेनला गाठून निकामी केले होते. हीच एम्डेन २२ सप्टेंबर १९१४ रोजी मद्रासवर तोफगोळे टाकून गेली होती. आमचा शिपाई इजिप्तमध्ये पोहोचला तेव्हा गॅलिपोली संपत आली होती. २० डिसेंबर १९१५ च्या पहाटेपर्यंत अँझॅकचा, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या सैन्याचा तेथील किनारा रिकामा करण्यात आला. आठ हजारांहून अधिक ऑस्ट्रेलियन तेथे मरण पावले. त्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियनांबरोबर आपलीही माणसे होती, याची आपल्याकडे फारशी आठवण ठेवली जात नाही. पहिल्याच दिवशी भारतीय पहाडी तोफखान्याच्या तोफा तेथे उतरल्या, आणि भारतीय खेचरपथकांतील खेचरे हाकणारे रात्रीच्या अंधारात पाणी आणि दारूगोळा चढणीवरच्या खंदकांपर्यंत पोहोचवत. गाढवावरून जखमींना खाली आणणारा सिम्पसन हा ऑस्ट्रेलियातील सर्वांत प्रसिद्ध शिपायांपैकी एक. तो आपल्या तुकडीऐवजी या भारतीयांच्या तळावर राहत असे आणि ते त्याला ‘बहादूर’ म्हणत.

१९१६ च्या सुरुवातीला इजिप्तमध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याचा विस्तार झाला. जुन्या पलटणी दुभंगून गॅलिपोलीचे अर्धे अनुभवी शिपाई आणि अर्धे नवे असे मिसळून नव्या पलटणी उभ्या केल्या गेल्या. आमचा शिपाई पाचव्या डिव्हिजनच्या पंधराव्या ब्रिगेडमधील एका पलटणीत गेला. ही ब्रिगेड त्याच्याच व्हिक्टोरिया राज्यातील होती. पुरेशा रेल्वेगाड्या नव्हत्या म्हणून या डिव्हिजनच्या माणसांना तेल-अल-कबीरहून सुवेझ कालव्याकडे वाळूतून सुमारे ६० किलोमीटर पायी नेण्यात आले. पाठीवरचे ओझे आणि वरचे ऊन यांचा मेळ काय होतो, हे सोलापूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. फॉर्मवर मात्र या चालीची ओळ नाही, कारण कोणी मेला नाही, रुग्णालयात गेला नाही किंवा त्याला शिक्षा झाली नाही, तर फॉर्मला सांगण्यासारखे काही नसते. अशा कागदाचा हा मोठा दोष आहे. माणसाच्या सेवेतील बरेचसे दिवस, म्हणजे खंदक खणणे, लाकडी फळ्या वाहणे, पहाऱ्यावर उभे राहणे, कपड्यांच्या शिवणीतील उवा मेणबत्तीवर जाळणे, हे सारे कोऱ्या जागेत असते.

त्याच्या अंगावरचे आणि तोंडातले काही शब्द मात्र आपल्या ओळखीचे होते. त्याचा गणवेश खाकी, पिंडऱ्यांभोवती गुंडाळलेली ‘पटी’ म्हणजे आपली पट्टी, जेवण शिजायचे त्या ‘डिक्सी’चे मूळ देगची, आणि अधिकाऱ्याकडून मिळणारे ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठी. इंग्लंडला पाठवले जाईल इतपत गंभीर पण जीव न घेणाऱ्या जखमेला ते ‘ब्लायटी’ म्हणत. हा शब्द ‘विलायती’वरून आला आहे. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या ब्रिटिश शिपायांनी हे शब्द नेले आणि व्हिक्टोरियातल्या एका शेतमजुराने ते आपले म्हणून वापरले. खंदकांच्या भिंतींना लावलेल्या वाळूच्या पोत्यांचा तागही बंगालचाच होता.

जून १९१६ मध्ये तो मार्सेयला उतरला आणि पुढच्या नोंदीची तारीख १९ जुलै १९१६ आहे. ठिकाणाच्या रकान्यात नुसते ‘फ्रान्स’ आहे. ज्याला तारीख ठाऊक आहे त्याला ठिकाण कळते. ते फ्रोमेल होय. संध्याकाळी सहा वाजता, उन्हाळ्याचा लख्ख उजेड असताना, पाचव्या डिव्हिजनला सपाट मोकळ्या शेतातून जर्मनांच्या पक्क्या बांधलेल्या फळीवर पाठवण्यात आले. दक्षिणेला सॉम नदीकाठी चाललेल्या लढाईकडे जर्मनांनी येथून सैन्य हलवू नये, एवढाच या हल्ल्याचा हेतू होता. पंधराव्या ब्रिगेडसमोर ‘शुगरलोफ’ नावाचा पुढे आलेला जर्मन बुरूज होता आणि त्यावरील मशीनगन बंद पाडण्यात तोफखान्याला यश आले नव्हते. एका रात्रीत पाचव्या डिव्हिजनची ५,५३३ माणसे मृत, जखमी, बेपत्ता किंवा बंदिवान झाली. ब्रिगेडमधील ६०व्या पलटणीचे ८८७ जण पुढे गेले होते, त्यांपैकी ७५७ कामी आले किंवा जायबंदी झाले. ज्या वरिष्ठांनी हा हल्ला ठरवला त्यांना ब्रिगेडच्या प्रमुखाने, म्हणजे पॉम्पी एलियट यांनी, अंतर फार आहे आणि हे जमणार नाही असे आधीच बजावले होते. ते ऐकले गेले नाही, आणि मला हे वाचताना दर वेळी संताप येतो.

त्यानंतरचे काही दिवस आणि रात्री माणसे मोकळ्या रानातून जखमींना ओढत आणत राहिली. ५७व्या पलटणीचा सायमन फ्रेझर नावाचा मध्यमवयीन शेतकरी सार्जंट त्यांत होता. एका जखमीला घेऊन निघताना दुसऱ्याने त्याला हाक मारली, की मला विसरू नकोस, दोस्ता. हे त्याने स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. फ्रोमेल येथे या प्रसंगाचा पुतळा उभा आहे आणि त्याची प्रतिकृती मेलबर्नमध्ये आहे. माझी मुलगी ती पाहून आली. फ्रेझर पुढच्याच वर्षी बुलकूरच्या लढाईत मारला गेला.

आमचा शिपाई त्या रात्री परत आणल्या गेलेल्यांपैकी होता. नोंद आहे, गोळीची जखम, डावी मांडी. त्यानंतर फ्रान्समधील रुग्णालय, बोट, इंग्लंडमधील रुग्णालय, आणि तेथून सुटल्यावर विश्रांतीची रजा. या रजेनंतरची नोंद तांबड्या शाईत आहे. रजा संपल्यावर तीन दिवस विनापरवाना गैरहजर. तितक्याच दिवसांचे वेतन कापले आणि आणखी काही दिवसांच्या वेतनाचा दंड. मी माझ्या नोकरीत अशा कितीतरी नोंदी केल्या आहेत आणि त्या करताना मला कधी फार वाईट वाटले नव्हते. या तीन दिवसांविषयी मात्र मी पुष्कळ विचार केला. फ्रोमेलहून जिवंत परतलेला, मांडीची जखम नुकतीच भरलेला, घरापासून अर्ध्या पृथ्वीएवढ्या अंतरावर असलेला तेवीस वर्षांचा मुलगा लंडनमध्ये तीन दिवस जास्त राहिला आणि नंतर स्वतःच्या पायांनी परत येऊन हजर झाला. त्याला परत कोठे जायचे आहे हे त्याला पूर्णपणे ठाऊक होते. ऑस्ट्रेलियन शिपायांवर बेशिस्तीचा ठपका नेहमी ठेवला गेला, आणि पळून जाण्याच्या गुन्ह्यासाठी त्यांच्यातील शंभराहून अधिक जणांना मृत्युदंडही सुनावला गेला होता. पण त्यांच्या १९०३ च्या संरक्षण कायद्यानुसार अशा शिक्षेला गव्हर्नर जनरलची संमती लागे, आणि ती एकदाही दिली गेली नाही. ब्रिटिश लष्कराने त्याच युद्धात तीनशेहून अधिक माणसांना अशाच गुन्ह्यांसाठी गोळ्या घातल्या. स्वतःहून आलेल्या माणसाला आपलेच सरकार मारणार नाही, हा त्या नव्या देशाने पाळलेला नेम मला त्यांच्या कोणत्याही लढाईपेक्षा मोठा वाटतो.

डिसेंबर १९१६ मध्ये तो पुन्हा पलटणीत आला तेव्हा सॉमवर त्या पिढीने पाहिलेला अत्यंत कडक हिवाळा होता. जानेवारीत नोंद आहे, ‘ट्रेंच फीट’. थंड चिखलात दिवसचे दिवस उभे राहून पाय सुजतात, बधिर होतात आणि वेळीच उपचार न झाल्यास सडतात. त्यावर उपाय म्हणजे पायांना व्हेलचे तेल चोळायचे आणि रोज कोरडे मोजे घालायचे. ते मोजे ऑस्ट्रेलियातील बायकांनी घरोघरी विणून पाठवले, तेरा लाखांहून अधिक जोड. त्या हिवाळ्यात शिपाई मेंढीच्या कातड्याची बिनबाह्यांची जाकिटे घालत, लोकर आत किंवा बाहेर, जशी सोय असेल तशी. आमच्या भागात घोंगडी पांघरून रात्र काढणाऱ्या मेंढपाळाला तो वेश पाहून परका वाटला नसता.

मे १९१७ मध्ये तो पुन्हा पलटणीत हजर झाला आणि त्यानंतर चार महिने फॉर्म कोरा आहे. मग २६ सप्टेंबर १९१७, ‘बेपत्ता’, आणि काही महिन्यांनी त्याच ओळीवर दुरुस्ती, ‘लढाईत ठार, बेल्जियम’. ही बेल्जियममधील ईप्र शहराजवळची पॉलिगॉन वूडची लढाई. नावात वन असले तरी तेथे तोपर्यंत झाडांचे बुंधेच उरले होते. ती लढाई जिंकलेली मानली जाते. चौथ्या आणि पाचव्या ऑस्ट्रेलियन डिव्हिजनची मिळून ५,७७० माणसे त्यात मृत किंवा जखमी झाली. पुढे त्याच वनातील एका उंचवट्यावर पाचव्या डिव्हिजनचे स्मारक उभारले गेले.

फाइलचा अर्ध्याहून अधिक भाग येथून पुढे सुरू होतो, आणि तो त्याच्या आईचा आहे.

‘बेपत्ता’ आणि ‘ठार’ यांच्या मधले महिने तिने पत्रे लिहिण्यात घालवले. मेलबर्नमधील सैनिकी अभिलेख कार्यालयाने तिच्या प्रत्येक पत्राला उत्तर दिले आहे, प्रत्येक उत्तराची कार्बन प्रत फाइलला आहे, आणि भाषा कोरडी असली तरी एकही पत्र अनुत्तरित नाही. तिने रेडक्रॉसकडेही चौकशी केलेली दिसते. माजी पंतप्रधान आल्फ्रेड डीकिन यांची मुलगी व्हेरा डीकिन हिने १९१५ मध्ये कैरोत जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या चौकशीचे कार्यालय सुरू केले आणि पुढे ते लंडनला नेले. रुग्णालयांतून फिरून जखमी शिपायांना विचारायचे, की अमुक माणसाला तू शेवटचे कधी आणि कोठे पाहिलेस, आणि जे सांगितले जाईल ते घरी कळवायचे, एवढेच ते काम. अशा सुमारे ३२,००० प्रकरणांची कागदपत्रे आज जपलेली आहेत. आमच्या शिपायाबद्दल दोन जणांनी सांगितले आणि दोघांचे सांगणे जुळत नाही. एकाच्या मते तोफगोळा, दुसऱ्याच्या मते गोळी. दोघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत आहे, की तो ठेंगणा होता. एका इंचासाठी नाकारलेल्या मुलाची ही ओळख कागदावर शेवटपर्यंत राहिली.

मग त्याच्या वस्तूंचे पार्सल. यादीत पत्रे, छायाचित्रे, पाकीट आणि एक मफलर आहे. पोच लिहिताना आईने विचारले आहे, की घड्याळ आले नाही, ते सापडले आहे का. कार्यालयाने फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये चौकशी करून उत्तर दिले, की सापडलेले नाही. एका शेतमजुराच्या घड्याळासाठी तीन देशांत पत्रव्यवहार झाला. नंतरच्या वर्षांत आणखी एक छापील पत्र, की शिपायाचे वडील हयात आहेत का, कारण पदके आणि स्मृतिफलक कोणाला द्यायचे याचा क्रम ठरलेला होता आणि वडिलांचा क्रम आईच्या आधी होता. तिने कळवले, की ते मुलाच्या लहानपणीच वारले. ब्राँझच्या त्या वाटोळ्या फलकावर नाव कोरलेले असे आणि हुद्दा मुद्दाम वगळलेला असे, सेनापती असो की शिपाई. कॅनबेरा येथील युद्धस्मारकाच्या भिंतींवरही मृतांची नावे हुद्द्याशिवायच आहेत. त्याचा देह सापडला नाही, म्हणून ईप्रच्या मेनिन गेटवर ज्या चोपन्न हजारांहून अधिक बेपत्तांची नावे कोरलेली आहेत, त्यांत त्याचे नाव आहे. त्याच कमानीवर शेकडो भारतीयांचीही नावे आहेत.

येथे मला माझ्या घराकडे वळावे लागते. माझ्या आजीचे माहेर सातारा जिल्ह्यातले. तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझ्या वडिलांचे मामा, पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला गेले’ आणि आले नाहीत. बसऱ्याला जाणे हा त्या काळी त्या मुलखात सर्वांना कळणारा शब्दप्रयोग होता. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. १०३वी, ११०वी आणि ११७वी या तीन पलटणी कुत-अल-अमारा येथे वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले. मामा यांतील एखाद्या पलटणीत होते की नंतर गेलेल्या कुमकेत, हे आजी सांगू शकत नव्हती. तिच्या माहेरच्या वेशीजवळ सरकारने बसवलेली दगडी पाटी आहे. या गावातून किती माणसे महायुद्धात गेली आणि त्यांपैकी किती परतली नाहीत, एवढे दोन आकडे तिच्यावर आहेत. नाव एकही नाही.

बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही असेच घडले. मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांहून अधिक माणसांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश अधिकारी आणि शिपाई यांची नावे कोरली, भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली, पण साध्या भारतीय शिपायांची प्रत्येक पलटणीपुढे केवळ संख्या कोरली. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबमधील सुमारे ३,२०,००० शिपायांच्या नोंदवह्या शंभर वर्षे पडून होत्या, त्या त्याच वर्षी सर्वांसाठी खुल्या होऊ लागल्या आणि तिकडच्या अनेक घरांना आपल्या पणजोबांचा गाव आणि पलटण त्यात सापडली. सातारा, रत्नागिरी आणि सोलापूरकडच्या माणसांना मी अजून तशी वही दाखवू शकत नाही. आमच्या शहरात १२ जानेवारीला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चार हुतात्म्यांची नावे लहान मुलेही एका दमात घेतात, कारण ती आम्ही घेत आलो. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये वारलेल्या डॉक्टर कोटणिसांचे नावही असेच टिकले. नाव टिकायला कोणीतरी ते लिहावे लागते किंवा उच्चारावे लागते, आणि मामांच्या बाबतीत दोन्ही झाले नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत मी नव्या पेठेतून एक लांब वही आणली आणि तीत बी १०३ सारखे रकाने आखले. आजीच्या माहेरी दोनदा जाऊन आलो, पाटीसमोर उभा राहिलो, घरोघरी म्हाताऱ्या माणसांना विचारले. आतापर्यंत नऊ नावे मिळाली, त्यांपैकी सहा परतलेल्यांची आणि तीन न परतलेल्यांची. एका घरात पितळी पदक होते; त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते हे मला ऑस्ट्रेलियन फायलींमुळे ठाऊक होते, म्हणून त्या घरातल्या सूनबाईंना चिंच-मिठाने कड हलक्या हाताने घासायला सांगितले आणि अक्षरे दिसू लागली. ती ओळ मी वहीत शाईने लिहिली. मामांची ओळ पेन्सिलीने लिहिली आहे. नाव आहे, गाव आहे, पलटणीचा रकाना मोकळा आहे. वारसाच्या रकान्यात ‘आई’ असे लिहिले आहे. व्हिक्टोरियातल्या त्या आईची सही फाइलमध्ये मी अकरा ठिकाणी मोजली. मामांच्या आईचे नाव मी त्यांच्या भावकीतल्या प्रत्येकाला विचारले, आणि भावकीतल्या एक नव्वदीतल्या आत्याबाई कराडला असतात, त्यांना पुढच्या महिन्यात विचारायला जाणार आहे.